आशा शोधायची कुठे? ‘देवाचे राज्य’ आणि विश्वासूपणा या विषयावर काम करताना

पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : “मराठी ख्रिस्ती समाजावर काम करायचं आहे. ‘ख्रिस्ती आशा’ हा विषय चालेल का?” विषय चालेल. पण सिनॉप्सिस घेऊन समितीसमोर बसलात की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “आशा ही मनातली गोष्ट. तुम्ही ती शोधणार कुठे? आणि सापडली हे आम्हाला दाखवणार कसं?”

हा प्रश्न तुम्हाला अडवण्यासाठी नसतो. त्याचं उत्तर तयार नसेल तर प्रबंधाची पहिली दोन प्रकरणं सुविचारांनी भरतात आणि तिसऱ्या प्रकरणाला लिहायला काही उरत नाही. म्हणून आज या एकाच प्रश्नाबद्दल बोलू.

माझं म्हणणं आधीच सांगतो. ख्रिस्ती परंपरेत आशा म्हणजे ‘पुढे सगळं छान होईल’ अशी भावना नव्हे. देवाची सत्ता जगात सुरू झाली आहे, पण अजून पूर्णपणे प्रकट झालेली नाही, अशा मधल्या काळात माणूस कसा वागतो, याच्याशी ती बांधलेली आहे. ज्या कामाचं फळ आपल्या हयातीत दिसेल याची खात्री नाही, ते काम माणूस आज नेटाने करतो. त्या करण्याला विश्वासूपणा म्हणतात. आशा अशा करण्यात दिसते. म्हणजे संशोधकाने ती गीतांत आणि प्रवचनांत तर शोधावीच, पण त्याहून जास्त ती निर्णयांत, राजीनाम्यांत, हिशेबाच्या वह्यांत आणि अपुऱ्या राहिलेल्या कामांत शोधावी.

आता पायरीपायरीने पाहू.

१. आधी शब्द नीट धरा

या विषयात तीन शब्द वारंवार येतात : राज्य, आशा, विश्वास. तिन्ही ओळखीचे आहेत आणि म्हणूनच तिन्ही फसवतात.

*राज्य.* नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द ‘बासिलेइया’. त्याच्यामागे हिब्रू ‘मालकूत’ आहे. या शब्दांत प्रदेशाच्या आधी ‘राजाची सत्ता चालणं’ हा अर्थ येतो. मराठीत राज्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नकाशा येतो, सीमा येतात. पण मराठीतच या शब्दाचा दुसरा वापर तुम्ही लहानपणी केलेला आहे. लपंडाव खेळताना “आता तुझ्यावर राज्य!” असं आपण म्हणायचो. तिथे कुठला प्रदेश असतो? तिथे राज्य म्हणजे पाळी, जबाबदारी. देवाच्या राज्याचा अर्थ याच्याशी तंतोतंत जुळत नाही, पण राज्य ही ‘जागा’ नसून ‘चालू असलेली गोष्ट’ असू शकते, एवढं यावरून लक्षात राहतं.

मत्तयाच्या शुभवर्तमानात बहुतेक ठिकाणी ‘स्वर्गाचे राज्य’ असा प्रयोग आहे. देवाचं नाव थेट न घेण्याच्या यहुदी रीतीशी अनेक अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. मराठी वाचकाला मात्र लगेच मेल्यानंतरचा स्वर्ग आठवतो. खरं तर येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत मागणी उलट दिशेची आहे : माणसाने वर जाण्याची नाही, ते राज्य इथे, पृथ्वीवर येण्याची. हा फरक हुकला की ‘ख्रिस्ती आशा म्हणजे परलोकाची ओढ’ असं गृहीतक न तपासता प्रबंधात शिरतं.

*आशा.* आपल्याकडे या शब्दाची ख्याती फारशी चांगली नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आशेला पाश म्हटलं आहे. संतवाङ्मयात आशा आणि तृष्णा जोडीने येतात आणि दोघींना सोडायला सांगितलं जातं. बोलीतही पाहा : आशाळभूत, वेडी आशा, आशेला लावणं. यातला एकही शब्द कौतुकाचा नाही. आणि पौलाच्या पत्रांत मात्र आशा ही विश्वास आणि प्रीती यांच्या पंक्तीला बसते. म्हणजे मराठी ख्रिस्ती लेखकांना एका संशयास्पद शब्दाला सद्गुण करायचं होतं. त्यांनी ते कसं केलं? कुठे ‘भरवसा’ वापरला, कुठे ‘वाट पाहणं’ म्हटलं, कुठे ‘आशा’ला विशेषण जोडलं? मराठी विभागातल्या विद्यार्थ्यांसाठी हा एकच प्रश्न एका प्रकरणाला पुरेल.

*विश्वास.* ग्रीक ‘पिस्टिस’ या शब्दात विश्वास ठेवणं आणि विश्वासाला पात्र असणं, दोन्ही अर्थ येतात. हिब्रू ‘एमूना’ तर स्थिरपणाकडे, टिकून राहण्याकडेच जास्त झुकतो. पौलाच्या पत्रांतल्या एका प्रयोगाचा अर्थ ‘ख्रिस्तावरचा विश्वास’ घ्यायचा की ‘ख्रिस्ताचा विश्वासूपणा’, यावर रिचर्ड हेज यांच्या १९८३ च्या ग्रंथानंतर मोठा वाद झाला. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण ‘इमान’ हा शब्द आपल्याकडे आहेच. अरबीत ईमान म्हणजे श्रद्धा. मराठीत आल्यावर तो निष्ठेचा शब्द झाला : इमानदार, बेइमान, खाल्ल्या मिठाशी इमान. श्रद्धा आणि निष्ठा एकाच शब्दाच्या दोन बाजू कशा असतात, ते इथे दिसतं.

२. अभ्यासकांचा वाद, थोडक्यात

पूर्वसंशोधनाचा आढावा लिहिताना पुढची साखळी माहीत असायला हवी. सगळे ग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचायची गरज नाही, पण कोण कुणाला उत्तर देतोय ते कळलं पाहिजे.

१८९२ मध्ये योहानेस वाइस यांनी आणि १९०६ मध्ये अल्बर्ट श्वाइट्झर यांनी मांडलं की येशूच्या तोंडचं देवाचं राज्य म्हणजे लवकरच येऊ घातलेला जगाचा कायापालट. ती हळूहळू होणारी नैतिक सुधारणा नव्हे. १९३५ मध्ये सी. एच. डॉड यांनी दृष्टान्तांचा अभ्यास करून उलट बाजू घेतली : ते राज्य येशूच्या कार्यात आलेलंच आहे. १९४६ मध्ये ऑस्कर कुलमान यांनी दोन्ही टोकं एकत्र बांधली. नुकत्याच संपलेल्या महायुद्धाचा दाखला त्यांनी दिला : निर्णायक लढाई जिंकली गेली तरी विजयदिन यायला वेळ लागतो आणि मधल्या काळात लढाई चालूच राहते. ‘आलेलं आहे, पण अजून पूर्ण नाही’ ही मांडणी तिथून रुळली.

युद्धापेक्षा आपल्याला शेताचा दाखला जवळचा वाटेल, आणि येशूच्या दृष्टान्तांतही बी-पेरणी वारंवार येते. मृगाचा पाऊस पडला, पेरणी झाली, कोंब वर आले. पीक ‘आलं’ म्हणायचं का? आलंय आणि नाहीही. खळं अजून रिकामं आहे. पण पेरलेलं वावर आणि पडीक वावर यांत फरक आहे, आणि पेरलेल्या वावराचा मालक या दिवसांत हात बांधून बसत नाही. निंदणी, खुरपणी, राखण चालू असते. ख्रिस्ती आशेचा काळ हा असा, पेरणी आणि सुगीच्या मधला आहे.

१९६४ मध्ये युर्गेन मोल्टमान यांचा ‘आशेचे ईश्वरविज्ञान’ या अर्थाच्या शीर्षकाचा जर्मन ग्रंथ आला. मोल्टमान तरुणपणी जर्मन सैन्यात होते आणि युद्धकैदी म्हणून ब्रिटिशांच्या छावणीत राहिले. बायबल त्यांनी तिथे मनापासून वाचलं. त्यांचं म्हणणं असं की ज्याला देवाच्या भविष्याची आशा आहे, त्याला आजची परिस्थिती जशी आहे तशी सहन होत नाही. म्हणजे आशा माणसाला निवांत करत नाही, ती बेचैन करते. धर्म म्हणजे लोकांची अफू, या मार्क्सच्या टीकेला दिलेलं हे एक उत्तरही आहे.

आता इथे थांबा आणि स्वतःला विचारा : हे दोन दावे एकमेकांच्या विरोधात आहेत, मग माझ्या साधनांत कोणता खरा ठरतो? आशेने लोक गप्प बसले की उठले? हा तपासता येणारा प्रश्न आहे. इथून पुढे आपलं संशोधन सुरू होतं.

३. एक उदाहरण : सातारचा ‘देवाचा दरबार’

मराठीत या विषयासाठी नारायण वामन टिळकांइतकं चांगलं उदाहरण मिळणं कठीण.

आधी ठळक माहिती. टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग एकत्र आल्या आणि पुढे त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टिळक अमेरिकन मराठी मिशनबरोबर अहमदनगर परिसरात सुमारे वीस वर्षं काम करत होते. त्यांनी भजन-कीर्तनाची रीत ख्रिस्ती उपासनेत आणली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादन केलं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे पोहोचलो, अशा आशयाचं त्यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने राहायचं ठरवलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. कल्पना अशी की ख्रिस्ताला मानणाऱ्या बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या लोकांचं एक कुटुंब असावं. ते परदेशी मिशनच्या पैशावर आणि हुकमावर चालू नये. मे १९१९ मध्ये मुंबईत टिळकांचं निधन झालं. दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली, आणि त्यांच्यामागे तो संघटना म्हणून टिकला नाही.

यावर विद्यार्थी पटकन लिहून मोकळे होतात : ‘टिळकांचा हा प्रयोग अयशस्वी ठरला.’ वाक्य चुकीचं नाही, पण ते संशोधनही नाही. यशाचं माप कुठलं घेतलं, हे त्यात सांगितलेलं नाही. सभासद किती, वर्षं किती, इमारती किती, ही मिशनच्या वार्षिक अहवालाची मापं झाली. ज्या माणसाने त्या मापांच्या बाहेर पडण्यासाठी नोकरी सोडली, त्याला पुन्हा त्याच तराजूत घालण्यात अर्थ काय?

म्हणून प्रश्न बदलून पाहा. पंचावन्न वर्षांच्या, प्रकृती साथ देत नसलेल्या, घरसंसार असलेल्या माणसाने ठरलेला पगार सोडला. त्याला पुढचं काय दिसत होतं? काय दिसत नव्हतं? न दिसणाऱ्या गोष्टीच्या भरवशावर त्याने आज नेमकं काय सोडलं, काय धरलं? ‘देवाचे राज्य आलेलं आहे, पण अजून पूर्ण नाही’ ही मांडणी इथे उपयोगी पडते. दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एकत्र बसणार होते. चर्चच्या नोंदवहीत तशी सोय नव्हती. जी गोष्ट ‘पूर्ण’ होईल तेव्हा दिसणार, तिचा छोटा नमुना आजच मांडून बसायचं, असा हा खटाटोप होता. नमुना मोडला म्हणून आशा नव्हती असं होत नाही. आणि नमुना सुंदर होता म्हणून त्यातले व्यवहाराचे दोष झाकायचेही नसतात.

४. ‘दरबार’ शब्दावरून एक धडा

याच उदाहरणातून पद्धतीचा एक महत्त्वाचा मुद्दा घेऊ. टिळकांनी ‘दरबार’ हा शब्द का निवडला असेल? तीन गोष्टी चटकन सुचतात.

एक, १९११ मध्ये दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला होता. सम्राटाच्या दरबाराला पर्याय म्हणून देवाचा दरबार! दोन, वारकरी भाषेत विठ्ठल हा पंढरीचा राणा आहेच. तेव्हा देव राजा आणि भक्त त्याच्या दाराशी, ही प्रतिमा टिळकांच्या कानात आधीपासून होती. तीन, नव्या करारातलं ‘देवाचे राज्य’ त्यांनी मराठी वाटेल अशा शब्दात आणलं.

तिन्ही सुचणं ठीक आहे. तिन्ही लिहून टाकणं ठीक नाही. काळ जुळला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. पहिला तर्क प्रबंधात घालायचा असेल तर टिळकांच्या लेखनातलं वाक्य, पत्र किंवा समकालीनाची नोंद हातात हवी. ती नसेल तर तर्क टीपवहीत ठेवा. दुसऱ्यासाठी त्यांच्या अभंगांतली राजप्रतिमा मोजून, वर्गवारी करून दाखवता येईल. तिसऱ्यासाठी ‘ज्ञानोदय’च्या त्या वर्षांच्या अंकांत ‘राज्य’ आणि ‘दरबार’ हे शब्द कुठे, कुणाला उद्देशून येतात ते पाहावं लागेल. व्हायवात परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात : “हे तुम्हाला सुचलं, की सापडलं?”

५. आशेची किंमत कोण भरतं?

टिळकांचं चरित्र फक्त त्यांच्या कवितांवरून लिहिलं तर एक मोठी बाजू सुटेल. ती आपल्याला लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त मिळते. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेलं हे आत्मकथन बहुतेकांनी शाळेत उताऱ्यांतून वाचलेलं असतं; संशोधक म्हणून ते पुन्हा वाचा. लक्ष्मीबाईंचं औपचारिक शिक्षण जवळजवळ नव्हतंच. नवऱ्याचा उदारपणा, घरात कधी कोण राहायला येईल याचा नेम नसणं, पैशांची चणचण, हे सगळं त्या हसत हसत सांगतात. त्या हसण्यामागे एक हिशेब आहे. एकाची आशा जेव्हा पगार सोडते, तेव्हा चूल पेटवण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे तरी जाते.

त्यामुळे साधनं वाचताना हा प्रश्न जवळ ठेवा : या आशेची किंमत कुणी भरली, आणि त्या माणसाला विचारलं होतं का? हा प्रश्न श्रद्धेचा अपमान करत नाही. विश्वासूपणा हा शब्द ज्यांनी गंभीरपणे घेतला, त्यांच्याबाबत तो विचारावाच लागतो, कारण माणूस देवाशी इमान राखतो तेव्हा घरच्यांशीही त्याचं इमान असतं, आणि या दोन्हींची ओढाताण होते.

लक्ष्मीबाईंकडे फक्त किंमत भरणारी बाई म्हणून पाहू नका. जातीचे निर्बंध सोडण्याचा निर्णय त्यांनी स्वतःच्या विचाराने घेतला. तो नवऱ्याच्या मागून जाण्याचा भाग नव्हता. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं राहिलं होतं. त्याचा बहुतांश भाग पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिला. दुसऱ्याने अर्धं सोडलेलं काम उचलून पुढे नेणं, तेही तो माणूस गेल्यावर. विश्वासूपणाचा याहून स्पष्ट कागदी पुरावा कुठे मिळणार?

६. दुसरं उदाहरण : केडगाव

तुलनेसाठी पंडिता रमाबाई घ्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींमुळे वाढलेलं केडगावचं मुक्ती मिशन. १९०५ मध्ये तिथे मोठी आध्यात्मिक जागृती झाली. तिच्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. नव्या विद्यार्थ्याची नजर पहिल्यांदा त्या जागृतीवर जाते, कारण ते दृश्य नाट्यमय आहे.

मी म्हणेन, छापखाना पाहा. विहिरी, शेत, विणकाम पाहा. दुष्काळात घर हरवलेल्या मुलींना अक्षरओळख आणि हातातलं काम देण्याला वर्षं लागतात. एका रात्रीच्या प्रार्थनेने ते होत नाही. आणि रमाबाईंचं बायबलचं भाषांतर पाहा. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कमी शिकलेल्या बायकांना समजेल अशी सोपी मराठी हवी म्हणून संस्कृत पंडिता असूनही त्यांनी जड शब्द टाळण्याचा आग्रह धरला. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. भाषांतराचं काम त्यांनी या शेवटच्या काळापर्यंत सोडलं नाही.

रमाबाईंची पत्रं प्रसिद्ध झालेली आहेत. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात दिसतं की ख्रिस्ती झाल्यावरही चर्चच्या अधिकाऱ्यांचं म्हणणं निमूट मान्य करायला त्या तयार नव्हत्या. म्हणजे ‘देवाच्या सत्तेखाली जगणं’ याचा अर्थ त्यांच्यापुरता ‘चर्चच्या सत्तेखाली जगणं’ असा झाला नाही. टिळकांच्या राजीनाम्याशेजारी हे पत्र ठेवा. दोन वेगळी माणसं, पण राज्य कुणाचं हा प्रश्न दोघांनी मिशन आणि चर्च यांनाही विचारला. अशी तुलना हाती लागली की प्रकरणाला कणा मिळतो.

७. आणि ज्यांनी काही लिहून ठेवलं नाही ते?

आता या लेखातलीच एक अडचण दाखवतो. टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई, तिघंही ब्राह्मण घरांतून आलेली. त्यांनी लिहिलं, ते छापलं गेलं, जपलं गेलं. पण अहमदनगर जिल्ह्यातल्या खेड्यांत ख्रिस्ती झालेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतले होते. त्यांची आशा काय होती? मंदिराच्या आणि पाणवठ्याच्या बाहेर ठेवलेल्या माणसाला ‘देवाचे राज्य’ ऐकताना काय ऐकू आलं असेल? त्यांचं बोलणं आपल्यापर्यंत बहुधा मिशनऱ्यांच्या अहवालांतून येतं, म्हणजे दुसऱ्याच्या लेखणीतून आणि निधी देणाऱ्या वाचकांसाठी.

भारतीय ईश्वरविज्ञानावर हाच आक्षेप अरविंद निर्मल यांनी घेतला. १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधल्या त्यांच्या भाषणापासून दलित ईश्वरविज्ञानाच्या चर्चेला वेग आला. इथल्या ख्रिस्ती विचारवंतांनी वेदान्ताशी संवाद केला, पण चर्चमधल्या बहुसंख्यांच्या वेदनेशी केला नाही, असा त्या टीकेचा रोख होता. तुमच्या आढाव्यात मोल्टमान असतील आणि निर्मल नसतील, तर आढावा अपुरा आहे.

ही पोकळी भरायची तर पुस्तकांबाहेर जावं लागेल : खेड्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी, शाळांचे पट, कबरींवरची अक्षरं, घराघरांत म्हटली जाणारी भजनं, आजी-आजोबांच्या मुलाखती. मुलाखतीत “तुमची आशा काय?” असं विचारू नका, प्रवचनाच्या भाषेतलं उत्तर मिळेल. “चर्चचं छप्पर कधी घातलं? पैसे कुणी दिले? दुष्काळात काय केलं? मुलीला शाळेत घालायचं कुणी ठरवलं?” असं विचारा. लोक क्रियापदांत बोलायला लागले की आशा आपोआप बाहेर येते.

८. जपून : इथे माणसांचं नुकसान होऊ शकतं

हा भाग कृपा करून वगळू नका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडलेला आहे. १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो दर्जा मिळत नाही. म्हणजे काही कुटुंबांसाठी ‘तुम्ही ख्रिस्ती आहात का?’ हा प्रश्न साधा नाही. त्याच्या उत्तरावर मुलाची शिष्यवृत्ती किंवा नोकरी अवलंबून असू शकते. तुमच्या प्रबंधातलं एक नाव, एक फोटो, गावाचा नेमका उल्लेख कुणाच्या तरी घरावर येऊ शकतो.

तेव्हा संमतीपत्र हा फाइलमध्ये लावायचा कागद समजू नका. काय लिहिणार, कुठे छापलं जाणार, ते मराठीत, तोंडी समजावून सांगा. नावं बदला, लहान गाव असेल तर गावाचीही ओळख झाका. ध्वनिमुद्रण कुठे ठेवणार ते ठरवा. एखाद्याने नंतर “ते काढून टाका” म्हटलं तर तो उतारा कितीही मोलाचा असला तरी काढा. विश्वासूपणावर संशोधन करताना आपण स्वतः विश्वासाला जागलो नाही, तर बाकीच्या पद्धतिशास्त्राला काय अर्थ राहिला?

९. मी श्रद्धावान असलो तर? नसलो तर?

दोन्ही चालतं. पीटर बर्जर यांनी १९६७ मध्ये मांडलेली भूमिका अशी की समाजशास्त्रज्ञाने अभ्यासापुरतं देव नाही असं धरून काम करावं. निनियन स्मार्ट यांनी थोडी वेगळी भूमिका घेतली : देव आहे की नाही, हा निवाडा अभ्यासापुरता बाजूला ठेवावा. विद्यापीठातल्या बहुतेक प्रबंधांना दुसरी भूमिका जास्त सोयीची पडते. देव आहे का, हे तुम्हाला सिद्ध करायचं नाही. देव राज्य करतो असं मानणारी माणसं कशी जगली, हे दाखवायचं आहे. तुम्ही चर्चमधले असाल तर अपयश आणि भांडणं लपवण्याचा मोह होईल. बाहेरचे असाल तर प्रत्येक श्रद्धेमागे पैसा किंवा सत्ता शोधण्याचा मोह होईल. आपला मोह कोणता, ते पहिल्या प्रकरणातच दोन वाक्यांत लिहून टाका.

१०. प्रश्न कसा मांडायचा

शेवटी, सिनॉप्सिससाठी. ‘मराठी ख्रिस्ती साहित्यातील आशा : एक अभ्यास’ हे शीर्षक ढिलं आहे, त्यात काहीही बसतं. त्याऐवजी असे प्रश्न घेऊन पाहा :

– १९१२ ते १९१९ या काळातल्या ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागात ‘देवाचे राज्य’ ही कल्पना कोणत्या प्रश्नांच्या संदर्भात येते : जात, स्वराज्य, दुष्काळ की परलोक?

– मराठी ख्रिस्ती गीतांत ‘आशा’ हा शब्द कोणत्या क्रियापदांबरोबर येतो, आणि त्याच काळातल्या इतर भक्तिगीतांपेक्षा तो वेगळा कसा?

– एखाद्या तालुक्यातल्या दोन-तीन मंडळ्यांनी मिशनचा पैसा थांबल्यावर शाळा किंवा उपासना कशी चालू ठेवली?

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. त्यात ‘आशा’ हा शब्दच नाही. पैसा थांबला, मिशनरी गेले, पाळक दुसऱ्या गावाहून महिन्यातून एकदा येतो, आणि तरी रविवारी कुणीतरी किल्ली घेऊन जातं, दार उघडतं, सतरंजी अंथरतं, घंटा वाजवतं. ती किल्ली इतकी वर्षं कुणाकडे होती, हे शोधून काढा. तुमच्या प्रबंधाचं पहिलं पान तिथून सुरू करता येईल.

आराखडा लिहिताना साधनांबद्दल काही अडलं तर जरूर विचारा. पुढच्या लेखात जुन्या नियतकालिकांचे अंक वाचताना टिपणं कशी काढायची, ते पाहू.